शत्रूच्या खुर्चीत बसण्याचा जाहीरनामा

विज्ञानकथेची मालिका पाहताना समोरच्या परग्रहवासीयात आपलाच चेहरा दिसू लागला आणि त्याची थोडी लाजही वाटली, तर ती मालिका युद्धाबद्दल काही सांगते आहे असं समजावं. तसं काही झालं नाही, तर ती नुसत्या तोफा वाजवते आहे. हे म्हणायला आम्ही एकत्र आलो आहोत. आमच्यात शिक्षक आहेत, बँकेत नोकरी करणारे आहेत, हौशी नाटकवाले आहेत, एक निवृत्त सुभेदार आहेत, आणि रात्री दोनपर्यंत मालिका बघून सकाळची लोकल पकडणारी पोरंपोरीही आहेत. या मालिका आम्ही करमणूक म्हणूनच पाहायला लागलो आणि आजही करमणूक म्हणूनच पाहतो. पण नाटक पाहून घरी जाताना जसं भांडायचं असतं, तसं या मालिकांवर मराठीत कुणी भांडत नाही. ते भांडण आम्हाला सुरू करायचं आहे.

'परग्रहवासी आणि लेझरच्या बंदुका म्हणजे पोरांचं काम' हा आक्षेप आम्हाला पाठ आहे. १७ मार्च २००९ रोजी न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात, 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या मालिकेवर चर्चा झाली. आर्थिक आणि सामाजिक परिषदेच्या दालनातल्या देशांच्या पाट्या काढून तिथे मालिकेतल्या बारा वसाहतींच्या नावांच्या पाट्या लावल्या होत्या. मालिकेचे कर्ते रोनाल्ड मूर आणि डेव्हिड आयक, कलावंत एडवर्ड जेम्स ओल्मोस आणि मेरी मॅक्डोनेल, सूत्रधार व्हूपी गोल्डबर्ग. आणि त्यांच्यासोबत संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी, ज्यांत युद्धात सापडलेल्या मुलांसाठीच्या विशेष प्रतिनिधी राधिका कुमारस्वामीही होत्या. विषय होते मानवी हक्क, दहशतवाद, मुलं आणि सशस्त्र संघर्ष, धर्मांमधला संवाद. यात वाहिनीची जाहिरात नव्हती असं आम्ही म्हणत नाही. मालिकेचा शेवटचा भाग तीनच दिवसांनी दाखवायचा होता, एवढं कॅलेंडर आम्हालाही वाचता येतं. तरीसुद्धा युद्ध आणि तह हाच ज्यांचा रोजचा धंदा, त्या लोकांना या मालिकेसाठी दालन उघडावंसं वाटलं, ही गोष्ट उरतेच.

आणि मराठी माणसाने तरी हा आक्षेप घेऊ नये. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं, तेव्हा त्यात लॉर्ड कर्झनचं नाव कुठेही नव्हतं. विराटाच्या दरबारात माजलेला कीचक होता, अपमान सोसणारी सैरंध्री होती, सबुरीने घ्या म्हणणारा युधिष्ठिर होता आणि सबुरी संपलेला भीम होता. पिटातल्या प्रेक्षकाच्या कानात कुणाला काही सांगावं लागलं नाही. सरकारलाही कळलं. जरा उशिरा कळलं, पण कळलं, आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. जी गोष्ट महाभारतात नेऊन सांगता येते ती मंगळावर नेऊन का सांगता येऊ नये?

अमेरिकेत रॉड सर्लिंगने नेमकं तेच केलं. दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समध्ये छत्रीधारी सैनिक म्हणून लढलेला हा लेखक. १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला आणि आरोपी निर्दोष सुटले. सर्लिंगने त्या प्रकरणावरून टीव्हीसाठी नाटक लिहिलं. प्रायोजक घाबरले. १९५६ मध्ये ते पडद्यावर आलं तेव्हा गोष्ट दक्षिणेतून उचलून न्यू इंग्लंडात ठेवलेली होती आणि मेलेला माणूस कुणीतरी अनामिक परदेशी झाला होता. १९५९ मध्ये सर्लिंगने 'द ट्वायलाइट झोन' सुरू केली. सिनेटरच्या तोंडी जे चालत नाही ते मंगळवासीयाच्या तोंडी बिनबोभाट चालतं, हे त्याने हेरलं होतं. मार्च १९६० मध्ये दाखवलेल्या त्याच्या एका भागात मेपल स्ट्रीट नावाच्या साध्या गल्लीतली वीज जाते. परग्रहावरचे लोक आले असावेत अशी कुजबुज सुरू होते, आणि रात्र पडेपर्यंत शेजारी शेजाऱ्याचा जीव घेतो. खरे परग्रहवासी लांब टेकडीवर बसून दिवे चालू-बंद करत असतात, एवढंच त्यांचं युद्ध. साम्यवादी कोण आणि कोण नाही यावरून ज्या देशाने नुकतीच एकमेकांची घरं धुंडाळली होती, त्या देशाच्या दिवाणखान्यात हे दाखवलं गेलं.

पण सेन्सॉरला हुलकावणी देणं एवढंच रूपकाचं काम असेल, तर सेन्सॉर गेल्यावर रूपकाला निवृत्ती द्यायला हवी. आज अमेरिकेत आपल्याच राष्ट्राध्यक्षाला नाव घेऊन शिव्या घालता येतात. मग इराकच्या युद्धाबद्दल सांगायला दुसरा ग्रह कशाला? या प्रश्नाचं आमचं उत्तर असं: दुसरा ग्रह लागतो तो प्रेक्षकाची जागा बदलायला. बातम्या पाहताना आपण कुठल्या खुर्चीत बसलो आहोत हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. झेंडा पाहिला की पाय आपसूक तिकडे वळतात. अनोळखी ग्रहावर झेंडे ओळखीचे नसतात. तिथे लेखक आपल्याला गुपचूप शत्रूच्या खुर्चीत बसवू शकतो, आणि बसल्यावर मग सांगू शकतो की ही खुर्ची कुणाची आहे. आमची कसोटी ही एवढीच. कुठल्याही मालिकेला आम्ही विचारणार: तू मला कुठे बसवलंस?

या कसोटीवर थोरामोठ्यांनाही सूट नाही. 'स्टार ट्रेक' सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झाली. तिच्यातले क्लिंगन म्हणजे शीतयुद्धातले रशियन, हे तेव्हाच्या शाळकरी पोरालाही कळत होतं. २ फेब्रुवारी १९६८ रोजी तिचा 'अ प्रायव्हेट लिटल वॉर' हा भाग दाखवला गेला. व्हिएतनाममध्ये टेटचा हल्ला सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन दिवस झाले होते. गोष्ट अशी: एका मागास ग्रहावर गावातल्या लोकांना क्लिंगन चोरून ठासणीच्या बंदुका पुरवत आहेत. डोंगरातले लोक यानाचा कप्तान कर्क याचे जुने मित्र, धनुष्यबाणवाले. कर्क ठरवतो की डोंगरवाल्यांनाही तेवढ्याच, तशाच बंदुका द्यायच्या. जास्त नाही, कमी नाही. यानावरचा डॉक्टर मॅकॉय खवळतो. टायरी नावाचा डोंगरवाला, ज्याला कुणाला मारायचंच नव्हतं, त्याची बायको मारली जाते आणि मग तोच बंदुका मागतो. कर्क खिन्न होऊन यानावर परततो.

या भागाचं कौतुक आम्ही पुष्कळ ऐकलं आहे. धाडसी होता, यात शंका नाही. पण खुर्ची बघा. तासभर आपण कर्कच्याच खुर्चीत असतो. दुःख कर्कचं, पेच कर्कचा, नाइलाज कर्कचा. ज्याच्या डोंगरात आता पिढ्यान्‌पिढ्या गोळीबार चालणार, त्या टायरीला पटकथेत फक्त बदलायचं काम आहे. महासत्तेला आपल्याच खिन्नतेचा मोह पडावा असं हे लेखन आहे, आणि व्हिएतनामवरच्या पुढच्या कितीतरी अमेरिकी चित्रपटांनी हीच खिन्नता उगाळली. त्याच १९६८ मध्ये 'गॅलॅक्सी' या विज्ञानकथांच्या मासिकात समोरासमोर दोन जाहिराती छापल्या गेल्या: एकीत व्हिएतनाम युद्धाच्या बाजूने सही करणारे लेखक, दुसरीत विरोधातले. इकडे रॉबर्ट हाइनलाइन, तिकडे आयझॅक असिमॉव्ह, रे ब्रॅडबरी, उर्सुला ले ग्विन. पैसे भरून, नावानिशी. रूपकाच्या आड न लपता. त्या दोन पानांत त्या तासाभरापेक्षा जास्त स्पष्टपणा होता, असं आमचं मत आहे.

आता त्याच मालिकेचा एक वर्ष आधीचा भाग घ्या, 'एरंड ऑफ मर्सी'. ऑर्गेनिया नावाच्या ग्रहावर कर्क आणि क्लिंगन सेनापती कोर समोरासमोर येतात. मेंढरांसारखे निरुपद्रवी वाटणारे तिथले म्हातारे दोघांचीही शस्त्रं हाताला चटका बसेल इतकी तापवून टाकतात आणि युद्धच थांबवतात. तेव्हा चिडून ओरडतो कोण? क्लिंगन तर ओरडतोच, पण त्याच्या बरोबरीने आपला कर्कही ओरडतो: आमच्या भानगडीत पडायचा तुम्हाला काय अधिकार! म्हातारा शांतपणे विचारतो की कसला अधिकार हवाय, लाखो माणसं मारण्याचा? कर्कला उत्तर सुचत नाही. नायकाला शत्रूच्या शेजारी, एकाच बाकावर, एकच हट्ट धरताना पाहणं; १९६७ च्या अमेरिकेत हे दाखवलं गेलं. आम्ही हा भाग वर ठेवतो.

आमच्या दृष्टीने या कसोटीवर सगळ्यात वरचा नंबर 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'चा, आणि त्यातही ऑक्टोबर २००६ मध्ये दाखवलेल्या न्यू कॅप्रिकाच्या भागांचा. मालिकेची सुरुवातच अणुहल्ल्याने होते. माणसांनीच घडवलेले सायलॉन नावाचे यंत्रमानव बारा वसाहती बेचिराख करतात आणि उरलीसुरली माणसं जहाजांच्या तांड्यातून पळतात. २००३ च्या डिसेंबरात, ११ सप्टेंबरच्या हल्ल्याची जखम ताजी असताना, अमेरिकी प्रेक्षकाने स्वतःला कुठे पाहिलं असेल हे सांगायला नको: घर जळालेल्या माणसांत. तीन वर्षं मालिकेने त्याला तिथेच बसू दिलं. मग माणसं एका ग्रहावर वस्ती करतात, सायलॉन तिथे येतात, पण यावेळी मारायला नाही. त्यांना राज्य करायचं आहे, सुधारायचं आहे, देवाच्या इच्छेनुसार माणसांसोबत शांततेने नांदायचं आहे. ते स्थानिकांचं पोलीस दल उभारतात. रात्री बुरखे घालून माणसांना उचलायला जाणारेही माणसंच. नामधारी राष्ट्राध्यक्षाच्या डोक्याला पिस्तूल लावून मृत्युदंडाच्या यादीवर सही घेतली जाते. आणि मग कोठडीत एक डोळा गमावून आलेला कर्नल टाय आत्मघाती बॉम्बस्फोट घडवायला लागतो. पोलिसांच्या दीक्षान्त समारंभात एक तरुण वैमानिक अंगावर स्फोटकं बांधून जातो. त्या वर्षी बगदादमध्ये पोलीसभरतीच्या रांगांवर काय होत होतं ते प्रेक्षक रोज संध्याकाळी बातम्यांत पाहत होता. बातम्यांत तो एका बाजूला होता. मालिकेत, तीन वर्षांची माया जडल्यावर, तो दुसऱ्या बाजूला सापडला.

लेखकांनी बॉम्बवाल्याला बरोबर ठरवलं का? अजिबात नाही. टायचा निर्दयपणा मालिका लपवत नाही. माजी राष्ट्राध्यक्ष लॉरा रोझलिनही त्याला जाब विचारते. पण प्रेक्षकाला एकदा त्या माणसाची बाजू आतून कळली, की 'हे लोक असे का वागतात' हा प्रश्न पुन्हा भोळेपणाने विचारता येत नाही. सुटका झाल्यावरचा भाग तर याहून कडू आहे. ज्यांनी सायलॉनांशी हातमिळवणी केली त्यांना गुप्त मंडळ रात्री गाठतं आणि हवाबंद दारातून अंतराळात फेकून देतं. अखेर रोझलिन सगळ्यांना माफी देऊन सत्य आणि समेटाचा आयोग जाहीर करते. दक्षिण आफ्रिकेत डेस्मंड टुटूंच्या अध्यक्षतेखाली १९९६ मध्ये असा आयोग बसला होता. मालिकेने तो दोन वाक्यांत उरकला, ही आमची तक्रार. स्फोटांना चार तास आणि समेटाला एक भाषण! हे प्रमाण विज्ञानकथेच्या मालिकांत सगळीकडे दिसतं, आणि आमच्या चळवळीचं खरं भांडण याच्याशी आहे.

समेट कसा दाखवायचा ते पाहायचं असेल तर 'स्टार ट्रेक'च्याच घराण्यातल्या 'डीप स्पेस नाइन'चा 'ड्युएट' हा भाग पाहा. जून १९९३. बोस्नियात युद्ध चालू होतं, आणि पूर्वीच्या युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी न्यायाधिकरण नेमण्याचा ठराव सुरक्षा परिषदेने २५ मे रोजी, म्हणजे महिन्याभराच्या आतच, केला होता. बेजॉर ग्रहावर कार्डेशियनांनी अनेक वर्षं राज्य केलं, छळछावण्या चालवल्या. एका छावणीत काम केलेला कार्डेशियन पकडला जातो. तो गुर्मीत सांगतो की मी त्या छावणीचा क्रूर प्रमुख आहे. बेजॉरची किरा, जी स्वतः बंडखोर होती, त्याला फासावर चढवायला आतुर आहे. तपास करत गेल्यावर कळतं की हा प्रमुख नाहीच. तो कागद लावणारा कारकून मारित्झा, रात्री किंचाळ्या ऐकू आल्या की कानावर हात ठेवणारा. चेहरा बदलून घेऊन तो आला आहे तो खटला व्हावा म्हणून, आपल्या देशाला आपलं पाप बघायला लागावं म्हणून. दोन माणसं, एक कोठडी, टेबल. कुठेही स्फोट नाही. शेवटी किरा त्याला सोडते, आणि एक बेजॉरी माणूस केवळ तो कार्डेशियन आहे म्हणून त्याला सुरी मारतो. आमच्यातल्या नाटकवाल्यांचं म्हणणं आहे की हे उद्या दोन अंकांत मराठी रंगमंचावर उभं राहू शकतं. आमची हरकत नाही, परवानगीचं बघा म्हणजे झालं.

याच मालिकेत एप्रिल १९९८ मध्ये 'इन द पेल मूनलाइट' आला. डोमिनियन नावाच्या परक्या साम्राज्याविरुद्धचं युद्ध हरत चाललेलं असताना कप्तान सिस्को तटस्थ रोम्युलनांना आपल्या बाजूने ओढण्यासाठी खोटा पुरावा तयार करवतो. रोम्युलन सिनेटर व्रीनॅकला बनावट कळते, पण त्याचं यान वाटेतच फुटतं, स्फोटाचा आळ शत्रूवर जातो, रोम्युलन युद्धात उतरतात. सिस्को हे सगळं कॅमेऱ्याकडे बघत, म्हणजे आपल्याकडे बघत, सांगतो आणि मग नोंद पुसून टाकतो. ५ फेब्रुवारी २००३ रोजी कॉलिन पॉवेल सुरक्षा परिषदेत इराकच्या शस्त्रांचे पुरावे मांडायला उभे राहिले तेव्हा अनेकांना हा भाग आठवला असेल. त्याला भाकीत म्हणायचा मोह आम्ही टाळतो. लेखकांना भविष्य दिसत नव्हतं. त्यांना १९६४ मधलं टोन्किनचं आखात आठवत होतं, जिथे न झालेल्या हल्ल्याच्या आधारे अमेरिकी काँग्रेसने युद्धाची मोकळीक दिली. विज्ञानकथा भविष्य सांगते ही समजूत आम्हाला सोडायची आहे. तिची नजर मागे असते. ब्रिटनमध्ये 'डॉक्टर हू'ने २००५ मध्ये तेच केलं, फक्त थट्टेने: परग्रहवासी पंतप्रधान निवासात बसून जगाला सांगतात की शत्रू पंचेचाळीस सेकंदांत शस्त्रं डागू शकतो. इराकच्या शस्त्रांवरच्या सरकारी अहवालातली पंचेचाळीस मिनिटं ज्यांना आठवत होती ते हसले, आणि दोनच आठवड्यांत निवडणूक होती.

आता शिष्टाईकडे येऊ, कारण युद्धाला प्रेक्षक शोधावा लागत नाही. आपल्याकडे शिष्टाई म्हटलं की कृष्णशिष्टाई: पाच गावं, सुईच्या अग्रावर मावेल एवढीही माती नाही, मग अठरा दिवस. मालिकांतही बहुधा असंच. दोन कप्तान पडद्यावरून एकमेकांशी बोलतात, एक ऐकत नाही, तोफा सुटतात. प्रत्यक्षात व्हिएतनामसाठी पॅरिसमध्ये वाटाघाटी व्हायच्या होत्या तेव्हा टेबलाचा आकार कसा असावा यावर आठवड्यांमागून आठवडे घालवले गेले. कुणाला बरोबरीचा पक्ष मानायचं, हाच तर तंटा होता, आणि टेबल ठरलं की तोही ठरणार होता. जानेवारी १९६९ मध्ये एक गोल टेबल आणि शेजारी दोन लहान चौकोनी टेबलं अशी तडजोड झाली. तोवर माणसं मरतच होती. लोक या गोष्टीला हसतात. आम्ही हसत नाही. त्या टेबलाभोवती आठ भाग सहज होतील.

जे. मायकल स्ट्रॅझिन्स्कीला हे कळलं होतं. 'बॅबिलॉन ५' (१९९४ ते १९९८, एकशे दहा भाग, त्यांतले ब्याण्णव त्याने एकट्याने लिहिलेले) ही मालिकाच मुळी एका अंतराळस्थानकावर घडते, जे वकिलातींसाठी बांधलं आहे. तिथे सगळ्यांनी समोरासमोर बसावं, म्हणजे पुन्हा युद्ध होणार नाही. आधीचं युद्ध कशावरून झालं? मिनबारी लोकांनी आदर दाखवायला आपल्या यानाच्या तोफांची झाकणं उघडी ठेवली. त्यांच्यात तशी रीत. माणसांना वाटलं हल्ला होतोय. माणसांनी गोळी झाडली आणि मिनबारींचा नेता मेला. पुढचं युद्ध मानवजात संपवण्याच्या टोकापर्यंत गेलं. त्या स्थानकावर सेन्टॉरी वकील लोंडो आणि नार्न वकील जी'कार यांची जोडी आहे. आपल्या मरतुकड्या साम्राज्याला जुने दिवस यावेत या लालसेने लोंडो काय काय सह्या करतो, आणि नार्नच्या ग्रहावर उल्कांचा मारा होत असताना खिडकीशी उभं राहून तो कसा बघत राहतो, हे पाहिल्यावर 'मुत्सद्दी' या प्राण्याविषयीचा आपला आदर आणि तिटकारा, दोन्ही वाढतात. पडद्यावरचे इफेक्ट आता जुनाट वाटतात, संवाद कधी कधी फारच टाळ्यांसाठी लिहिलेले वाटतात. तरीही, परिषदेतून हाकलला गेलेला वकील दारापर्यंत चालत जाताना काय बोलतो, हे ज्या मालिकेला महत्त्वाचं वाटतं ती मालिका आमची.

दोष सांगायला हवेत, नाहीतर हा जाहीरनामा न राहता भक्तमंडळाचं पत्रक होईल. सगळ्यात जुनी खोड म्हणजे एका ग्रहाला एक स्वभाव. क्लिंगन तापट, रोम्युलन कावेबाज, फेरेंगी लोभी. कोट्यवधींच्या वस्तीला एकच विशेषण. जातीवरून स्वभाव सांगणाऱ्या म्हणी आपल्या भाषेत इतक्या आहेत, की ही खोड मराठी प्रेक्षकाने तरी पहिल्या मिनिटात पकडावी. दुसरं, युद्ध फार स्वच्छ असतं. यावर 'स्टार ट्रेक'नेच १९६७ मध्ये उपरोध केला होता. एमिनियार आणि व्हेन्डिकार हे दोन ग्रह पाचशे वर्षं संगणकावर युद्ध खेळतात. यंत्र मृतांचे आकडे काढतं आणि यादीत नाव आलेले नागरिक निमूटपणे विघटनकक्षात चालत जातात. इमारती शाबूत, रस्ते शाबूत. ज्या वर्षी अमेरिकी सेना व्हिएतनाममधलं यश मृतदेहांच्या आकड्यांत मोजत होती, त्या वर्षीची ही गोष्ट. आणि आज हजारो मैलांवरच्या खोलीत बसून ड्रोन चालवणारा माणूस संध्याकाळी घरी जेवायला जातो. दुर्दैवाने उपरोध करणारी मालिकाच पुढे चकचकीत स्फोटांत रमली.

आणि आपण? ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने 'स्टार ट्रेक' दाखवली, ती पाहून एक पिढी वेडी झाली. १९९८ मध्ये मिलिंद सोमणचा 'कॅप्टन व्योम' आला. अंतराळातल्या तुरुंगातून पळालेले गुन्हेगार पकडायचे, हे त्याचं काम. मे १९९८ मध्ये पोखरणला पाच स्फोट झाले, मग पाकिस्तानने चगाईत केले, पुढच्या वर्षी कारगिल. उपखंडाच्या इतिहासातल्या त्या अणुस्फोटांच्या वर्षी आपला अंतराळवीर फौजदारकी करत होता. कुणाला दोष द्यायचा म्हणून हे सांगत नाही; पोरांना तो आवडला, आम्हालाही आवडला. पण दोन अणुशस्त्रधारी शेजाऱ्यांमध्ये रात्री फोन कोण करतो, पहिलं वाक्य काय बोलतो, ही गोष्ट कुणीतरी दुसऱ्या सूर्यमालेत नेऊन सांगायला हवी होती, आणि अजूनही सांगितलेली नाही.

मराठीत तर सामग्री पायाशी पडली आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ ची, म्हणजे 'स्टार ट्रेक'च्याच वयाची. जयंत नारळीकरांपासून लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्यापर्यंत विज्ञानकथेचा लेखी वारसा आहे. वाहिन्यांनी त्याला फारसा हात लावलेला नाही. २०१५ च्या अखेरीस सुरू झालेल्या 'द एक्सपान्स'मध्ये शनीच्या कड्यांतला बर्फ वाहून आणणारं जहाज आहे, कारण लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या मजुरांना पाणी आणि हवा विकत घ्यावी लागते, आणि त्यावरून पृथ्वी, मंगळ आणि पट्टा युद्धाच्या काठावर येतात. पहिला सीझन संपून दोन महिने होतात न होतात तोच, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली: दहा टाक्या, पाच लाख लिटर. त्याआधी लातुरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. आणि कृष्णेच्या पाण्यावर बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० अब्ज घनफूट पाणी दिलं, त्याआधी तीन राज्यांचे वकील आणि इंजिनिअर वर्षानुवर्षं नकाशांवर वाकलेले होते. तीन ग्रह, एक नदी, एक लवाद. हे लिहायला परदेशी लेखक येणार नाही.

ऐतिहासिक मालिका करणाऱ्यांनाही आमचं सांगणं आहे. तलवारी पुष्कळ झाल्या. निजामाच्या दरबारात पेशव्यांचे वकील म्हणून बसलेले गोविंदराव काळे, किंवा १७८२ मध्ये सालबाईच्या तहात इंग्रज आणि पेशवे यांच्यामध्ये उभे राहिलेले महादजी शिंदे, यांच्यासारखी माणसं घ्या, काळ बदला, ग्रह बदला. परक्या दरबारात एकटाच बसलेला, घरून महिनोन्‌महिने उत्तर न आलेला वकील ही अंतराळासाठीच जन्मलेली व्यक्तिरेखा आहे.

म्हणून आमच्या मागण्या. वृत्तपत्रांनी विज्ञानकथेच्या मालिकांचं परीक्षण नाटकाच्या परीक्षणासारखं लिहावं, 'वीकेंडला काय बघाल' या चौकटीत नव्हे. मालिका दाखवणाऱ्या कंपन्यांनी मराठी उपशीर्षकं द्यावीत, आणि ती यंत्राने केलेली, 'कॅप्टन, ढाल खाली आहे' छापाची नसावीत. विद्यापीठांच्या राज्यशास्त्र विभागांनी आंतरराष्ट्रीय संबंधांच्या तासाला एक तरी असा भाग दाखवून त्यावर निबंध मागावा. वाहिन्यांकडे आमची मागणी एकच: एक मराठी मालिका, तेरा भाग, ज्यात खलनायकाला स्वतःची भाकरी, स्वतःचं गाव आणि स्वतःचं म्हणणं असेल.

आमच्यावर बंधनंही आहेत. आम्ही दर महिन्याला दोन तास पाहू आणि दोन तास भांडू. प्रत्येक भागाआधी कुणीतरी पंधरा मिनिटं त्यामागचा खरा इतिहास सांगेल: टेट, सारायेव्हो, बगदाद, पॅरिसचं टेबल. प्रत्येक भागानंतर एकाने उठून मालिकेतल्या शत्रूची बाजू मांडायची, पटो वा न पटो, आणि मध्ये कुणी बोलायचं नाही. आपल्या देशाच्या युद्धांबद्दल बोलायची वेळ येईल तेव्हाही हा नियम तसाच राहील. तेव्हा तो पाळणं जड जाईल हे आम्हाला ठाऊक आहे, आणि म्हणूनच तो आज, परग्रहवासीयांवर सराव करता येत असताना, लिहून ठेवतो आहोत. कुठल्याही पक्षाचा बिल्ला लावून बैठकीला येऊ नये. क्लिंगनांचं कपाळ लावून यायला हरकत नाही.

वर्गणी नाही. चहा ज्याचा त्याने. पहिल्या बैठकीत 'अ प्रायव्हेट लिटल वॉर' आणि 'ड्युएट' लागोपाठ पाहायचे आहेत. टायरीच्या बाजूने बोलायला माणूस मिळाला आहे. मारित्झाला सुरी मारणाऱ्याच्या बाजूने बोलायला अजून कुणी पुढे आलेलं नाही. ज्याला जमेल त्याने नाव कळवावं.